दाखवता येण्याजोगी अडचण

महाराष्ट्रातील इमारती ज्या नियमांच्या आधारे उभ्या राहतात त्यांच्या शेकडो पानांत संज्ञांची मुळीच वाण नसली, तरी सर्वसामान्य माणसाच्या खऱ्या उपयोगाचा शब्द त्यांत एकच आहे आणि तो म्हणजे 'अडचण'. जिन्याची रुंदी, पायरीची उंची, दाराचे माप, बाजूला सोडायची जागा असे सगळे काटेकोर सांगून झाल्यावर नियमावली एका छोट्या कलमात किंचित हळवी होते आणि म्हणते की, जेथे स्पष्टपणे दाखवता येण्याजोगी अडचण उद्भवत असेल, तेथे आयुक्तांना विशेष परवानगीने ही मापे शिथिल करता येतील. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत हे कलम ६४(ब) या क्रमांकाने नावारूपाला आले. डिसेंबर २०२० मध्ये नागपुरासह राज्यातील बहुतेक शहरांना लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीनेही, जिला पूर्ण नावाने हाक मारण्याइतका वेळ कुणालाच नसल्यामुळे सगळे 'यूडीसीपीआर' म्हणतात, हा वारसा इमानाने पुढे चालवला.

मूळ इंग्रजी कलमात 'हार्डशिप' असा शब्द आहे आणि त्यात फक्त हाल आहेत. मराठीतल्या अडचणीत हाल तर आहेतच, शिवाय जागेची टंचाई आहे आणि वाटेत आणून ठेवलेली वस्तूही आहे. म्हणूनच घरातली वडीलधारी बाई "जिन्यात अडचण करू नका रे" असे म्हणते, तेव्हा ती कुणाच्या आर्थिक हलाखीबद्दल बोलत नसते. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांमध्ये नागपुरातल्या जिन्यांचा सगळा इतिहास मावतो, कारण पहिल्या अर्थाची अडचण कार्यालयात दाखवून जिना मंजूर करून घेतला जातो आणि दुसऱ्या अर्थाची अडचण त्याच जिन्यात पुढे वर्षानुवर्षे ठेवली जाते.

शिथिलतेच्या या कलमाला शेपूट आहे आणि कायद्यात विष नेहमी शेपटाकडे असते. मापे शिथिल करताना चटई क्षेत्र निर्देशांकाला, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येईल हे ठरवणाऱ्या आणि बोलीभाषेत 'एफएसआय' म्हणवणाऱ्या आकड्याला, हात लावता येत नाही, असे एक बंधन त्यात आहे; आणि दुसरे असे की, या शिथिलतेने रहिवाशांच्या व शेजाऱ्यांच्या आरोग्याला, सुरक्षिततेला आणि विशेषतः अग्निसुरक्षेला बाधा येता कामा नये. याचा सरळ अर्थ असा की, आगीच्या वेळी बाहेर पडण्याच्या वाटेत सूट मागणे आणि त्या सुटीने अग्निसुरक्षेला धक्का लागणार नाही असे त्याच कागदावर लिहून देणे, ही दोन्ही कामे अर्जदाराला एका दमात करावी लागतात. एकादशीला चालेल असा सावजी रस्सा मागण्याचाच हा प्रकार असला, तरी असे अर्ज होतात आणि त्यांची भाषा अभ्यासण्यासारखी असते.

या अर्जाचा पहिला नियम असा की, ज्या जिन्यासाठी अर्ज आहे त्या जिन्याचे नाव त्यात शक्य तितक्या उशिरा यावे. अर्जाचा नायक भूखंड असतो आणि तो बिचारा जन्मतःच दुर्दैवी असतो. नागपूर सुधार प्रन्यासाच्या, म्हणजे १९३६ च्या कायद्याने जन्मलेल्या आणि नागपूरकर ज्याला आजही 'एनआयटी' म्हणतात त्या संस्थेच्या, एखाद्या लेआउटमधला सरळसोट तीस बाय पन्नास फुटांचा आयत जरी असला, तरी अर्जात शिरताच तो 'अनियमित आकाराचा' होतो, त्याचा रस्ता 'अपुरा' होतो, त्याच्या शेजारचे झाड 'विद्यमान' होते, आणि सबब, उपरोक्त बाबींचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन सामासिक अंतरांत व मार्गिकेच्या रुंदीत शिथिलता मिळावी, अशी विनंती करण्यात येते. सामासिक अंतर म्हणजे इमारतीच्या चारही बाजूंना मोकळी सोडायची जागा. वहीच्या कडेला सोडतात तो समास आणि हा समास यांचे नाते सख्ख्या भावंडांचे आहे, कारण दोन्हींचा हेतू कोरे राहण्याचा असतो आणि दोन्ही जागी शेवटी काहीतरी लिहिले जातेच. वहीत ती शिक्षकांची लाल शाई असते आणि इमारतीत जनरेटर, पत्र्याचे पार्किंग, बोअरवेलची पेटी व तुळशीवृंदावन, ज्यांच्यामधून अग्निशमन दलाच्या बंबाने वाट काढायची असते.

अडचण सिद्ध झाली की तिचे मोजमाप होते आणि त्यावर प्रीमियम, म्हणजे अधिमूल्य, बसते. बांधकामाच्या धंद्यात तर 'हार्डशिप प्रीमियम' हा शब्द चहाइतका सहज घेतला जातो. जगात इतरत्र अडचणीत सापडलेल्या माणसाला पैसे मिळतात. येथे अडचणीतला माणूस पैसे भरतो आणि पावती मिळताच अडचणीतून बाहेर येतो. अर्थशास्त्राने या व्यवहाराकडे पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही.

एक बंधन मात्र असे आहे की, ज्यात कुणी कधी सूट मागितल्याचे ऐकिवात नाही आणि ते बंधन वास्तुशास्त्राचे. जिना ईशान्येला नको, तो दक्षिणेला किंवा पश्चिमेला असावा आणि चढताना उजवीकडे वळावा, असे सांगितले गेले की, तीच इमारत, तोच 'अनियमित' भूखंड आणि तोच आर्किटेक्ट निमूटपणे जिना उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेतात, आणि जी रुंदी नियमावलीला देणे अशक्य होते ती वास्तूसाठी कुठून तरी निघते. अग्नीलाही या शास्त्राने आग्नेय कोपरा नेमून दिलेला असल्यामुळे आग लागलीच तर ती स्वयंपाकघरातून बाहेर येणार नाही, असा एक शांत विश्वास नकाशात सर्वत्र पसरलेला असतो.

जिन्याच्या मापांचा मूळ आधार म्हणजे राष्ट्रीय इमारत संहिता. ती १९७० मध्ये प्रथम निघाली आणि १९८३, २००५ व २०१६ मध्ये सुधारली गेली. ती स्वतः केवळ शिफारस करते आणि एखाद्या राज्याच्या कायद्याने वा नियमाने हात धरला तरच बंधनकारक होते, म्हणजे तिची स्थिती घरातल्या निवृत्त आजोबांसारखी आहे. या संहितेच्या २००५ च्या आवृत्तीने १५ मीटर वा त्याहून उंच इमारतीला किमान दोन जिने सांगितले आणि त्याबरोबर बांधकाम व्यवसायाला उंचीचा एक सूक्ष्म अभ्यास जडला. खाली पार्किंग आणि वर चार मजले, ही नागपुरी भाषेतली 'फ्लॅट स्कीम', जिला इतर गावांत अपार्टमेंट म्हणतात, नकाशात बहुधा पंधराच्या किंचित खाली येऊन थांबते. साडेचौदा, चौदा पूर्णांक नऊ, कुठे तर चौदा पूर्णांक पंचाण्णव, अशा उंचीच्या या इमारती पाहिल्या की मराठी माणसाला कुठे थांबावे हे कळत नाही, हा आक्षेप निकालात निघतो. उरलेल्या पाच सेंटिमीटरमुळे दुसऱ्या जिन्याची सक्ती टळते, आणि धूर मात्र नकाशा न वाचताच वर चढतो.

याच संहितेने माणसाचेही माप काढले होते आणि ते वाचून कोणत्याही संवेदनशील नागरिकाने अंतर्मुख व्हावे. निर्गम मार्गाच्या, म्हणजे घराच्या दारापासून रस्त्यापर्यंतच्या सुरक्षित वाटेच्या, रुंदीचे एकक २००५ च्या आवृत्तीत ५०० मिलिमीटर धरलेले होते; पुढे २५० मिलिमीटर मिळाले तर अर्धे एकक आणि २५० पेक्षा कमी असतील तर ते हिशेबात घ्यायचे नाहीत. म्हणजे ५० सेंटिमीटरचा एक माणूस, २५ सेंटिमीटरचा अर्धा माणूस, आणि २४ सेंटिमीटरचा माणूस हा माणूसच नव्हे. अमेरिकेत हेच जुने एकक २२ इंचांचे, म्हणजे जवळपास ५६ सेंटिमीटरचे होते, यावरून दोन्ही देशांतील सकाळच्या न्याहारीतला फरक कळतो. निवासी इमारतीत जिन्याच्या दर एककामागे २५ माणसे धरावीत आणि घरात किती माणसे आहेत हे साडेबारा चौरस मीटरला एक या प्रमाणात मोजावे, असेही संहिता सांगते. त्यामुळे १०० चौरस मीटरच्या फ्लॅटमध्ये ८ माणसे, चार फ्लॅटच्या मजल्यावर ३२ माणसे आणि एक मीटर रुंदीच्या, म्हणजे दोन एककांच्या जिन्यावर ५० माणसांची सोय, असा हिशेब बसतो आणि सगळे सुरक्षित राहतात.

हे गणित ज्यांनी मांडले त्यांना विदर्भात भाद्रपदात कुणी जेवायला बोलावलेले नसावे. ज्येष्ठा-कनिष्ठा गौरींना येथे महालक्ष्म्या म्हणतात, त्या ज्या घरी बसतात त्या घरी दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, कढी, आंबील आणि सोळा भाज्यांचे जेवण असते, आणि ज्या फ्लॅटमध्ये संहितेने ८ माणसे बसवली तेथे सोवळ्यातले आणि ओवळ्यातले मिळून ६० जण पंगतीला बसतात. सूक्ष्म निरीक्षणाचा विषय मात्र ती पंगत नाही. तो विषय त्यांच्या चपला होय. साठ माणसांच्या एकशेवीस चपला दाराबाहेरून सुरू होऊन मधल्या सपाट जागेवर पसरतात, तेथून पायऱ्यांवर उतरतात आणि खालच्या मजल्यावर दुसऱ्या घरच्या महालक्ष्म्यांच्या चपलांना जाऊन मिळतात. या संगमातून जेवण झालेला माणूस आपला जोड शोधत ज्या गतीने बाहेर पडतो, ती गती निर्गमाच्या कोणत्याही तक्त्यात दिलेली नाही. तशात वाटेत कुणीतरी "अजून एक पोळी घ्यायची होती, बापा" म्हणत उभा असतो.

चपलांचा सण वर्षातून एकदा येतो. चपलांचा रॅक बारमाही असतो. दाराशेजारी भिंतीला लावलेला ३० सेंटिमीटर खोलीचा रॅक दिसायला अगदी गरीब असला, तरी एक मीटरच्या वाटेतून ३० सेंटिमीटर वजा केले की ७० उरतात, त्यातले ५० म्हणजे एक एकक आणि राहिलेले २० हे २५ पेक्षा कमी असल्यामुळे संहितेच्या लेखी शून्य. दोन एककांची वाट अशा रीतीने एका एककाची होते आणि ५० माणसांचा जिना २५ माणसांचा उरतो; अर्धा जिना पाच जोड चपला, एक फाटकी छत्री आणि क्रिकेटची बॅट यांनी खाल्लेला असतो. रॅक पाच सेंटिमीटरने कमी खोल असता तर दीड एकक शिल्लक राहिले असते, पण सुताराला हे कुणी सांगितलेले नसते. २०१६ च्या आवृत्तीने एककांची ही भानगड काढून टाकून जिन्यासाठी माणशी १० मिलिमीटर मोजण्याची रीत आणली. त्या रीतीने तोच रॅक ३० माणसांचा होतो, म्हणजे सुधारणेनंतर तो अधिकच खादाड झाला.

हा रॅक ठेवणाऱ्याला दोष देण्यापूर्वी त्याची बाजू ऐकून घेणे न्यायाचे ठरेल. त्याने घर घेतले तेव्हा त्याच्याकडून 'सुपर बिल्ट-अप' क्षेत्राचे पैसे घेण्याची पद्धत होती, म्हणजे प्रत्यक्ष सतरंजी अंथरता येईल अशा जागेखेरीज भिंती, लिफ्ट, मार्गिका आणि जिना यांतला त्याचा वाटाही चौरस फुटांच्या भावाने त्याला विकलेला होता. २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट क्षेत्रावर विक्री आणली, पण तोवर लाखो कुटुंबांनी जिना विकत घेऊन ठेवलेला होता. शिवाय महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७०, ज्याच्या आधाराने नागपुरातल्या कितीतरी फ्लॅट स्कीमचे करारनामे झालेले आहेत, तो सामाईक जागांची व्याख्या करताना पाया, खांब, छत यांच्याबरोबर जिने, आग लागल्यास सुटकेचे मार्ग आणि येण्याजाण्याच्या वाटा यांची नावे घेऊन त्यांत प्रत्येक मालकाला अविभक्त हिस्सा देतो. अविभक्त म्हणजे ज्याची वाटणी झालेली नाही असा. परंतु ज्या समाजात अविभक्त कुटुंबसुद्धा चुली वेगळ्या मांडून नांदते, तेथे सोळा फ्लॅटना ऐंशी पायऱ्या असल्या की फ्लॅटमागे पाच, हा भागाकार आपोआप होतो आणि प्रत्येक जण आपल्या पाचांवर आपले काहीतरी ठेवतो. आयुक्तांकडे जाणारा अर्ज छाननीतून जातो, त्याला क्रमांक पडतो, शुल्क लागते, त्रुटी निघतात. रहिवासी स्वतःला देतो ती शिथिलता अर्जावाचून, शुल्कावाचून आणि कायमची असते, आणि दोन्हींची बेरीज केली तर सरकारी शिथिलता चिमूटभर भरते.

या स्वयंघोषित शिथिलतांत नागपूरचे स्वतःचे असे योगदान म्हणजे कूलर. ज्या शहरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे ही बातमीही धड होत नाही, तेथे पत्र्याचा, पोटात पाणी खळखळवणारा आणि रात्रभर आगगाडीसारखा घरघरणारा कूलर हा कुटुंबाचा सदस्यच असतो. उन्हाळ्यात तो लोखंडी स्टँडवर खिडकीत बसतो, ज्यामुळे ती खिडकी बाहेर पडायला किंवा शिडी लावून आत यायला निकामी होते. पण ती एरवीही लोखंडी जाळीने निकामी केलेली असल्यामुळे तेवढ्यासाठी कूलरला बोल लावता येत नाही. मृगाच्या सरी पडल्या की त्याला उतरवतात, त्याची टाकी कोरडी करतात, गेल्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जुना फ्लेक्स त्याच्याभोवती गुंडाळतात आणि मग घरात जागा नसल्यामुळे, म्हणजे पुन्हा अडचणीमुळे, त्याला जिन्याच्या वळणावर आणून ठेवतात. कूलर दोन फूट रुंद धरला तर एक मीटरच्या जिन्यात ४० सेंटिमीटर वाट राहते, जी संहितेच्या जुन्या भाषेत अर्ध्या माणसाची वाट होय. त्याच्या तिन्ही बाजूंना वाळ्याच्या किंवा लाकडी भुश्श्याच्या ताट्या असतात. वाळा म्हणजे एका गवताची सुगंधी मुळे, जी भिजलेली असताना घराला थंड करतात आणि वाळलेली असताना एका काडीची वाट पाहतात. फ्लेक्सवरचे नेते या सगळ्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडून हसत असतात.

जिन्यातल्या इतर वस्तूंची यादी करत बसण्यात अर्थ नाही, कारण ती प्रत्येक वाचकाच्या घरापासून पाच पावलांवर उपलब्ध आहे. तरीही आगीसाठी म्हणून जे ठेवलेले असते त्याचा उल्लेख टाळता येत नाही. लाल रंगाच्या वाळूच्या बादल्या शहरातल्या खर्रा खाणाऱ्यांनी, म्हणजे प्लास्टिकच्या तुकड्यात सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून दिवसभर गालात ठेवणाऱ्यांनी, आपल्यासाठीच ठेवलेल्या आहेत असे मानले आहे, आणि लाल बादलीत लाल पिंक शोभते हेही खरे. जेथे बादल्या नसतात तेथे जिन्याच्या कोपऱ्यांत देवादिकांच्या चित्रांच्या फरश्या लावाव्या लागतात, ज्यामुळे धूम्रपानापासून पिंकेपर्यंत सर्वांपासून कोपरा वाचतो. पाण्याच्या नळीच्या काचेच्या पेटीत झाडू आणि पोछा राहतात, कारण पेटीला कडी आहे. पुढच्या दाराला बाहेरून जाळीचा सेफ्टी डोअर बसवलेला असतो आणि तो वाटेत उघडतो, त्यामुळे समोरासमोरच्या दोन घरांतली माणसे एकाच वेळी घाबरली तर दोन्ही दारे एकमेकांना अडवतात. वर्षानुवर्षे न बोलणारे शेजारी तेव्हा प्रथमच एकमेकांना "आधी तुम्ही" म्हणतील अशी ही योजना आहे.

जिना वर जेथे संपतो ती गच्ची. धूर खालून भरत आला तर वर मोकळ्या हवेत जाण्याची सोय म्हणून तिचे महत्त्व आहे, आणि तिच्या दाराला कुलूप असते. कुलपाची कारणे ऐकली तर ती पटण्यासारखी असतात: संक्रांतीला पोरे पतंगापायी कठड्यावर चढतात, उन्हाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या कुरडया चौथ्या मजल्यावरच्या घरात जाऊन तळल्या जातात, आणि कुणीतरी पाण्याच्या टाकीचे झाकण चोरून नेलेले असते. किल्ली सचिवांकडे असते, सचिव मुलाकडे पुण्याला गेलेले असतात, दुसरी किल्ली चौकीदाराकडे असते आणि तो चहाला गेलेला असतो. या व्यवस्थेबद्दल सभेत प्रश्न निघाला की एखादे ज्येष्ठ सदस्य "आग काय रोज लागते का, राजेहो?" असे विचारतात, आणि संख्याशास्त्राच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बिनतोड असल्यामुळे सभा लिफ्टच्या बिलाकडे वळते. लिफ्ट ही बाहेर पडण्याची वाट मानू नये असे संहितेने स्पष्ट सांगितलेले असले, तरी रहिवाशांना माहीत असलेली वाट तीच असते. चौथ्या मजल्यावर दहा वर्षे राहून जिन्याशी ज्यांची ओळख वीज गेल्यावरच होते अशी कुटुंबे थोडी नाहीत.

येथे हसू आवरून एक नोंद करणे भाग आहे. दिल्लीतील उपहार सिनेमागृहात १३ जून १९९७ रोजी लागलेल्या आगीत ५९ माणसे गेली. १९७६ मध्ये सिनेमागृहांना जादा खुर्च्या मांडण्याची रीतसर शिथिलता मिळालेली होती, त्या खुर्च्यांमुळे सज्जातील उजव्या बाजूची वाट बंद झाली, शिथिलता १९७९ मध्ये मागे घेतली गेली आणि खुर्च्या मात्र बहुतांशी राहिल्या. शिथिलता कागदावर मागे घेता येते. खुर्ची, रॅक आणि कूलर यांना ते कळवण्याची जबाबदारी कुणाचीच नसते.

सूट मागणे हेच मुळात पाप आहे असेही समजू नये. अमेरिकेतील सिएटल शहरात एकाच जिन्याची सहा मजली निवासी इमारत चालते, कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०२४ मध्ये तशीच मुभा दिली, आणि दोन्हीकडे त्या बदल्यात पाण्याचे फवारे, धुरापासून जिन्याचे संरक्षण, मजल्यावरील घरांची मर्यादा अशा अटी चारचौघांत वाद घालून ठरवल्या गेल्या. तेथील अर्जदाराला दुसरा जिना का नको हे सांगावे लागते. येथील अर्जदार पहिला कुठे आहे एवढेच सांगू शकला तरी पुष्कळ. शिवाय येथे सूट न मागताही भागते. सन २००० च्या आसपास नागपूरच्या बोलीत '५७२ आणि १९०० लेआउट' हे आकडे गोत्रासारखे रूढ झाले, म्हणजे परवानगीवाचून पडलेल्या आणि नंतर नियमित करायच्या वसाहती. २००१ च्या गुंठेवारी कायद्यान्वये शुल्क भरले की भूखंडाला 'आर. एल.', म्हणजे नियमितीकरणाचे पत्र, मिळते आणि कालचे बेकायदा आज कायदेशीर होते. या पत्राने मालकाची झोप सुधारते, जिना मात्र एका सेंटिमीटरनेही रुंदावत नाही.

विशेष म्हणजे आग या विषयात नागपूर अडाणी नाही. देशभरातील अग्निशमन अधिकारी जेथे घडतात ते राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये रामपूरला निघाले आणि १९५७ मध्ये नागपुरात आले, ते येथेच राहिले. आग कशी लागते, धूर कसा पसरतो आणि गर्दी कशी बाहेर काढावी हे साऱ्या भारताला शिकवणारे शहर हेच, आणि त्या महाविद्यालयापासून थोड्याच अंतरावरच्या फ्लॅट स्कीममध्ये जिन्याच्या वळणावर फ्लेक्समधले नेते हात जोडून उभे असतात.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा या सगळ्यावर उतारा म्हणून आला. त्याने जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्यावर, टाकली आणि परवानाधारक अभिकरणाकडून, म्हणजे शासनाने परवाना दिलेल्या यंत्रणेकडून, अग्निसुरक्षेची साधने चालू स्थितीत असल्याचा दाखला वर्षातून दोनदा नमुना 'ब' मध्ये देणे बंधनकारक केले. अभिकरणाचा माणूस येतो, तेव्हा झाडू पेटीतून निघतात, रॅक तात्पुरते आत जातात, गच्चीचे कुलूप उघडले जाते आणि किल्ली पुण्याहून येते. कूलर मात्र तेथेच राहतो, कारण तो उचलायला चार माणसे लागतात आणि खिडकीत बसवण्याचे दिवस अजून दूर असतात. नमुना 'ब' देण्याचे महिने कायद्याने जानेवारी आणि जुलै हे ठरवलेले आहेत. कूलर खिडकीवर चढतो मार्चमध्ये आणि उतरतो जूनमध्ये.